आवाज बंद पडला म्हणून हिशेब का थांबावा?

लिनक्स संगणकाचा स्क्रीन रीडर गप्प झाला, तर दुसऱ्या यंत्रावरून आत कसे जावे?

महिन्याची २० तारीख. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-३बी भरण्याची ही मुदत आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. समजा, दुकानाची खातेवही संगणकावर आहे आणि ती लिहिणारा मुनीम अंध आहे. पडद्यावर काय लिहिले आहे ते संगणक त्याला बोलून दाखवतो आणि त्याच्या आधारावर तो वर्षानुवर्षे उधारी, जमा आणि येणे चोख लिहीत आला आहे. सकाळी वीज गेली, पुन्हा आली, संगणक सुरू झाला. पंखा फिरतो आहे, पण यंत्र बोलत नाही. डोळस माणसाला पडद्यावर सगळे ठीक दिसेल. मुनिमाच्या लेखी मात्र ते बंद पेटी आहे.

अशा वेळी मालकाच्या तोंडून सहज निघून जाते, "राहू दे, आज दुसऱ्या कोणाला तरी बसवतो." एका दिवसाचे हे 'राहू दे' पुढे कायमचे होते. दोष यंत्राचा असतो आणि रोजी जाते माणसाची.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. आवाज गेला म्हणजे यंत्र गेले असे नाही. त्या यंत्रात जाण्याचा दुसरा दरवाजा आधीच बसवून ठेवला असेल, तर अंध माणूस शेजारच्या बोलणाऱ्या संगणकावरून आत जाऊ शकतो, बिघाड स्वतः शोधू शकतो आणि बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तही करू शकतो. हा दरवाजा आवाज चालू असतानाच बसवावा लागतो, ही त्यातली मुख्य अट आहे.

हा विषय फक्त जन्मांधांचा आहे असे कोणी समजू नये. जरीकाम, शिवणकाम, घड्याळदुरुस्ती, नक्षीकाम यांत डोळ्यांवर ताण पडतोच, आणि मधुमेहाने नजर गेलेली माणसे आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. अंधांची लिपी शोधणारे लुई ब्रेल हे फ्रान्समधल्या कूपव्रे गावच्या एका कारागिराचे पुत्र. वडील घोड्यांचे चामडी साज बनवीत. १८०९ साली जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्याला तिसऱ्या वर्षी वडिलांच्याच कारखान्यातल्या हत्याराने इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. तेव्हा हा प्रश्न कारागिराच्या घराबाहेरचा नाही.

वाचण्यापूर्वी एक सूचना

संगणकाला द्यायच्या आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे मराठीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात आणि शेवटी एंटर दाबावे. नव्या माणसाने एकदा जाणकाराकडून त्यांचे स्पेलिंग लिहून घ्यावे. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रचलित जाती समोर ठेवून ही माहिती दिली आहे.

यंत्र बोलते कसे?

लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपवर पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचे नाव 'ऑर्का' आहे. २००६ सालापासून तो ग्नोमबरोबर मिळतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. पण ऑर्का स्वतः बोलत नाही. तो फक्त काय बोलायचे ते ठरवतो. तो मजकूर 'स्पीच डिस्पॅचर' नावाच्या प्रोग्रामकडे जातो, म्हणजे हा हमाल झाला. तेथून तो 'ईस्पीक एनजी'सारख्या वाचा देणाऱ्या प्रोग्रामकडे जातो. ईस्पीक एनजी मराठी, हिंदी आणि उर्दूही बोलतो. त्याने तयार केलेला ध्वनी 'पाइपवायर' किंवा जुन्या यंत्रांत 'पल्सऑडिओ' हा प्रोग्राम घेतो आणि साउंड कार्डमार्फत स्पीकरला देतो.

ही पाच कड्यांची साखळी आहे. कोणतीही एक कडी तुटली तरी कानाला परिणाम एकच, शांतता. म्हणून 'ऑर्का बिघडला' असे लगेच म्हणू नये. पुष्कळदा ऑर्का आपले काम करीत असतो आणि आवाज भलत्याच ठिकाणी जात असतो. पडद्याची एचडीएमआय केबल लावली की काही यंत्रे आवाजही पडद्याकडे पाठवतात, आणि त्या पडद्याला स्पीकरच नसतो. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही असे घडू शकते.

दूरचा पडदा उपयोगाचा नाही

दुसऱ्या संगणकावरून आत जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रिमोट डेस्कटॉप किंवा व्हीएनसी. त्यात दूरच्या यंत्राचा पडदा आपल्या पडद्यावर जसाच्या तसा दिसतो. डोळस माणसाला हे सोयीचे वाटते. पण तेथून येते ते चित्र, आणि आपल्याकडचा स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरे वाचत नाही. त्यामुळे अंध माणसाच्या हाती काहीच लागत नाही. अशा ठिकाणी तास दोन तास घालवून निराश झालेले लोक आहेत.

दुसरा मार्ग एसएसएच. यात चित्र येत नाही, फक्त अक्षरे येतात. आपण टाइप केलेली आज्ञा तिकडे जाते, तिकडचे उत्तर मजकूर म्हणून परत येते आणि आपल्या समोरच्या यंत्राचा स्क्रीन रीडर ते वाचतो. म्हणजे मुके झालेले यंत्र शेजारच्या यंत्राच्या तोंडून बोलते. समोरचे यंत्र कोणतेही चालेल. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आपोआप येते आणि त्यावर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर चालतो. अँड्रॉइड फोनवर टर्मक्ससारखे ॲप घेऊन टॉकबॅकच्या मदतीनेही काम भागते.

एसएसएचची सुरुवात १९९५ साली फिनलंडमध्ये झाली. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचे उघड झाले, तेव्हा तेथील तातू यूलोनेन यांनी सगळे बोलणे कुलूपबंद करून पाठवणारा हा प्रोग्राम लिहिला. आज बहुतेक ठिकाणी वापरला जातो तो १९९९ मध्ये आलेला ओपनएसएसएच. त्याचा ठरलेला दरवाजा, म्हणजे पोर्ट, २२ क्रमांकाचा असतो.

दरवाजा आधीच बसवा

दुसऱ्या यंत्रात शिरण्याचा प्रोग्राम घरगुती लिनक्समध्ये बहुधा असतोच. दुसऱ्याला आत घेणारा प्रोग्राम मात्र उबुंटू डेस्कटॉपमध्ये आपोआप येत नाही, आणि फेडोराच्या डेस्कटॉपमध्ये असला तरी बंद असतो. म्हणून आवाज चालू असतानाच पुढील कामे उरकावीत.

पहिले, उबुंटू किंवा डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर' ही आज्ञा द्यावी. फेडोरावर 'सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल एसएसएचडी' आणि मग इनेबलच्या जागी 'स्टार्ट' घालून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. पहिलीने दर वेळी यंत्र सुरू होताच दरवाजा उघडतो, दुसरीने तो आत्ता उघडतो.

दुसरे, यूएफडब्ल्यू नावाची संरक्षक भिंत चालू असेल तर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाव एसएसएच' म्हणून तिच्यात वाट ठेवावी.

तिसरे, यंत्राचा पत्ता माहीत करून घ्यावा. 'होस्टनेम', एक जागा, आडवी रेघ आणि मोठा आय असे टाइप केले की १९२.१६८.१.२५ यासारखा पत्ता मिळतो. राउटर बंद होऊन चालू झाला की हा पत्ता बदलू शकतो. त्यामुळे राउटरच्या सेटिंगमध्ये या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवावा.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे तपासणी. शेजारच्या यंत्रावर 'एसएसएच', एक जागा, वापरकर्त्याचे नाव, ॲट चिन्ह आणि लगेच पत्ता असे टाइप करावे. पहिल्या वेळी यंत्र आपला ठसा दाखवून 'खात्री आहे का' असे विचारते. त्याला पूर्ण 'येस' लिहून उत्तर द्यावे. मग पासवर्ड. तो टाइप करताना एकही खूण उमटत नाही आणि स्क्रीन रीडरही काही बोलत नाही. ही पद्धतच आहे, बिघाड नव्हे. न वापरलेले कुलूप ऐन वेळी उघडत नाही, हे दुकानदाराला वेगळे सांगायला नको. महिन्यातून एकदा ही तपासणी करावी.

आवाज गेला! पहिली पाच मिनिटे

लगेच दुसऱ्या यंत्राकडे धावू नये. आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. स्पीकरची पिन निघाली आहे का? आवाजाचे बटण शून्यावर आहे का? मग विंडोज चिन्हाचे बटण, ऑल्ट आणि एस एकत्र दाबावे. या खुणेने ऑर्का चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू होतो. म्हणून एकदा दाबून पाच सेकंद थांबावे आणि काही ऐकू आले नाही तर पुन्हा एकदा दाबावे. वीज जाऊन आली असेल तर यंत्र लॉगिनच्या पडद्यावर उभे असण्याची शक्यता असते. तेथे ऑर्का वेगळा चालू करावा लागतो, पण खूण हीच आहे.

तरीही शांतता असेल तर ऑल्ट आणि एफ-२ दाबून 'ऑर्का', एक जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'रिप्लेस' टाइप करावे. अडकून पडलेला ऑर्का बाजूला होऊन नवा उभा राहतो.

त्यानेही काही झाले नाही तर अंदाजाने लिहिण्याची जुनी युक्ती करावी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबले की चित्रांचा डेस्कटॉप मागे राहतो आणि केवळ अक्षरांचा पडदा येतो. काही लॅपटॉपवर एफएन बटणही सोबत धरावे लागते. वापरकर्त्याचे नाव टाइप करून एंटर, तीन सेकंद थांबून पासवर्ड आणि एंटर, आणखी तीन सेकंदांनी 'ईस्पीक-एनजी हॅलो'. आवाज आला तर स्पीकरपर्यंतची वाट शाबूत आहे आणि दोष ऑर्का किंवा स्पीच डिस्पॅचरचा आहे. परत जाण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि बहुधा एफ-२. आवाज आला नाही, तर आता शेजारच्या यंत्रावरून जायचे.

नकाराचेही चार प्रकार

शेजारच्या यंत्रावर एसएसएचची आज्ञा दिली आणि आत प्रवेश मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जे इंग्रजी वाक्य ऐकू येते ते लक्ष देऊन ऐकावे. तो निव्वळ नकार नाही, तेच निदान आहे. उधारी मागायला गेलेल्या माणसाला जसे दारावरूनच घरातली हकीकत कळते, तसेच हे आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे घर सापडले, घरात जागही आहे, पण त्या दरवाज्यावर कोणी बसलेले नाही. यंत्र चालू आहे, जाळेही ठीक आहे, फक्त एसएसएचचा प्रोग्राम चालू नाही किंवा त्याचे पोर्ट बदलले आहे. वर सांगितल्याप्रमाणे अंदाजाने लॉगिन करून 'सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट एसएसएच' टाइप करावे आणि पुन्हा पासवर्ड द्यावा. फेडोरावर शेवटी 'एसएसएचडी'.

'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'नो रूट टू होस्ट'. म्हणजे हाक मारली, उत्तरच आले नाही. यंत्र बंद आहे, झोपले आहे, जाळ्यावर नाही, पत्ता बदलला आहे किंवा संरक्षक भिंतीने हाक अडवली आहे. याची कारणे पुढे दिली आहेत.

'परमिशन डिनाइड'. म्हणजे दरवाज्यावर माणूस बसला आहे, पण तुमची ओळख त्याला पटली नाही. नाव किंवा पासवर्ड चुकला, कॅप्स लॉक चालू राहिले किंवा किल्लीच्या फाइलचे अधिकार सैल आहेत. किल्ली वापरत असाल तर त्या यंत्रावरच्या 'डॉट एसएसएच' फोल्डरला ७०० आणि 'ऑथोराइज्ड कीज' फाइलला ६०० हे अधिकार हवेत. इतरांना लिहिता येईल अशी ती उघडी असेल तर एसएसएच तिच्यावर भरवसाच ठेवत नाही.

'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड'. म्हणजे घर तेच, पण आतला माणूस वेगळा वाटतो. लिनक्स नव्याने टाकले असेल किंवा राउटरने तो पत्ता दुसऱ्याच यंत्राला दिला असेल तर हे घडते. पण कोणी मध्येच बसून तुमचे बोलणे ऐकत असेल तरीही हेच वाक्य येते. म्हणून कारण कळेपर्यंत पुढे जाऊ नये.

हाकेला उत्तरच का येत नाही?

आमच्या यंत्रमागांच्या आणि कारखान्यांच्या गावांत वीज जाणे-येणे नित्याचे. म्हणून ही चार कारणे मुद्दाम सांगतो. चारही आधीच टाळता येतात.

पहिले कारण वाय-फायचे. ग्नोममध्ये वाय-फायचा पासवर्ड एकाच वापरकर्त्याच्या नावाने साठवलेला असेल, तर तो वापरकर्ता लॉगिन करेपर्यंत यंत्र जाळ्याला जोडलेच जात नाही. वीज आली, यंत्र सुरू झाले, लॉगिनच्या पडद्यावर थांबले आणि तेथे ना आवाज ना जाळे. उपाय सोपा आहे. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ती सर्व वापरकर्त्यांसाठी खुली करावी. त्याहून चांगले म्हणजे राउटरपासून यंत्रापर्यंत साधी लॅन केबल टाकावी.

दुसरे कारण झोपेचे. काही वेळ कोणी बटण दाबले नाही तर यंत्र आपोआप झोपते आणि झोपलेले यंत्र एसएसएचला उत्तर देत नाही. दुकानातल्या यंत्राची पॉवर सेटिंगमधली ही झोप बंद करावी. तातडीला कीबोर्डवरचे एखादे बटण दाबून किंवा पॉवरचे बटण हलकेच एकदा दाबून ते जागे होते. पॉवरचे बटण दाबून धरून ठेवू नये. त्याने यंत्र एकदम बंद पडते आणि फाइल खराब होऊ शकते.

तिसरे कारण कुलूपबंद डिस्कचे. लिनक्स टाकताना संपूर्ण डिस्क कुलूपबंद केली असेल, तर सुरू होतानाच यंत्र परवलीचा शब्द मागते. तेव्हा ऑर्काही नसतो आणि एसएसएचही नसते. शब्द पाठ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून तो अंदाजाने टाइप करून एंटर दाबावे. कायमचा उपाय म्हणजे डेबियन-उबुंटूवरचे 'ड्रॉपबेअर-इनिट्रामएफएस'. ते सुरुवातीच्या त्या टप्प्यातही एसएसएचचा छोटा दरवाजा उघडते.

चौथे कारण डिस्कच्या दुखापतीचे. वीज अचानक गेल्याने डिस्कवरची नोंद बिघडली तर यंत्र 'इमर्जन्सी मोड'मध्ये थांबते. तेथे दुसरा दरवाजा नसतो आणि डोळस माणसाची मदत घ्यावी लागते. जवळ कोणी नसेल तर 'बी माय आइज' हे ॲप आहे. डेन्मार्कचे हान्स यॉर्गेन विबर्ग हे फर्निचर बनवणारे कारागीर, त्यांची स्वतःची नजर कमजोर. त्यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये हे ॲप आले. फोनच्या कॅमेऱ्यातून स्वयंसेवक पडदा पाहून वाचून दाखवतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. मात्र खातेवही अनोळखी माणसाला दाखवू नये, फक्त बिघाडाचा पडदा दाखवावा. एक लहानसा यूपीएस घेतला तर ही वेळच सहसा येणार नाही.

आत गेल्यावर काय करावे?

आता आपण मुक्या यंत्राच्या आत आहोत आणि शेजारचे यंत्र आपल्यासाठी वाचते आहे. ज्या नावाने मुनीम रोज काम करतो, त्याच नावाने आत शिरलेले असावे. साखळी स्पीकरकडून सुरू करून एकेक कडी तपासावी.

प्रथम 'स्पीकर-टेस्ट'. मुक्या यंत्राच्या स्पीकरमधून खरखर ऐकू यायला हवी. कंट्रोल आणि सी दाबले की ती थांबते. खरखर आली नाही तर दोष ध्वनीचा आहे. 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' द्यावे. पाइपवायर ज्या ज्या ठिकाणी आवाज पाठवू शकतो त्यांची यादी 'सिंक्स' या मथळ्याखाली येते आणि चालू ठिकाणापुढे तारा असतो. तारा एचडीएमआयपुढे असेल तर चोर सापडला. स्पीकरच्या ओळीतला क्रमांक घ्यावा आणि 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट' पुढे तो क्रमांक लिहावा. ओळीत 'म्यूटेड' ऐकू आले तर 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-म्यूट', मग तोच क्रमांक, मग शून्य.

खरखर आली तर पुढची कडी, 'ईस्पीक-एनजी हॅलो'. तीही बोलली तर 'एसपीडी-से हॅलो'. ही आज्ञा स्पीच डिस्पॅचरची परीक्षा घेते. येथे शांतता असेल तर हमाल अडकला आहे. 'किलऑल स्पीच-डिस्पॅचर' देऊन त्याला घालवावे. पुढच्या हाकेला तो आपोआप नव्याने उभा राहतो. पुन्हा 'एसपीडी-से' करून पाहावे.

सगळ्या कड्या बोलत असतील तर दोष ऑर्काचाच. 'पीकिल ऑर्का' द्यावे, मुक्या यंत्राच्या कीबोर्डपाशी जावे आणि विंडोज बटण, ऑल्ट आणि एस दाबावे.

तरीही काम झाले नाही तर 'डीएफ', एक जागा, आडवी रेघ आणि एच असे टाइप करून डिस्क किती भरली ते पाहावे. ती शंभर टक्के भरली असेल तर लॉगिन होऊनही डेस्कटॉप उभा राहत नाही, आणि मग ऑर्का कोठून बोलणार? नको असलेल्या मोठ्या फाइल काढाव्यात. खातेवहीला हात लावू नये.

शेवटचा उपाय 'सुडो रीबूट'. त्यापूर्वी एक लक्षात ठेवावे. डेस्कटॉपवर उघडी असलेली आणि जतन न केलेली नोंद त्याने जाते. म्हणून मुनिमाने दर काही नोंदींनंतर कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय ठेवावी.

कुलूप आणि अमानत

दुसरा दरवाजा म्हणजे चोरालाही दुसरी संधी. गिऱ्हाइकांची उधारी, माल देणाऱ्यांचे दर, कामगारांची मजुरी हे सगळे आपल्याकडे अमानत म्हणून असते. ते सांभाळण्यासाठी तीन नियम पाळावेत.

राउटरमधून २२ क्रमांकाचे पोर्ट साऱ्या इंटरनेटसाठी उघडू नये. उघडे पोर्ट सापडताच पासवर्डचा अंदाज घेणारी यंत्रे रात्रंदिवस ठोठावू लागतात. दुकानाबाहेरून यायचेच असेल तर वायरगार्डसारखा खासगी बोगदा जाणकाराकडून करून घ्यावा.

पासवर्डपेक्षा किल्ली बरी. 'एसएसएच-कीजेन' या आज्ञेने किल्लीची जोडी तयार होते आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी'ने तिची सार्वजनिक बाजू दुसऱ्या यंत्रावर जाते. विंडोजवर ही दुसरी आज्ञा नसते, तेथे ती फाइल स्वतः नेऊन ठेवावी लागते. किल्लीने प्रवेश मिळतो हे तपासल्यावरच पासवर्डचा मार्ग बंद करावा.

एसएसएचच्या सेटिंगमध्ये काही बदलायचे असेल तर एक जोडणी उघडी ठेवूनच बदलावे. 'सुडो एसएसएचडी', एक जागा, आडवी रेघ आणि टी या आज्ञेने चूक आहे का ते कळते. दुसरी नवी जोडणी लागते हे पाहिल्यावरच पहिली सोडावी. आतून कडी लावून आपणच बाहेर राहण्याची पाळी अशाने येत नाही.

मालकांना दोन शब्द

एका कागदावर, आणि मुनिमासाठी ब्रेलमध्ये किंवा फोनवरच्या ध्वनिमुद्रणात, एवढे नोंदवून ठेवावे: यंत्राचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, राउटर कोठे आहे, कोणत्या यंत्रावरून आत जायचे आणि शेवटची तपासणी कधी झाली. पासवर्ड या कागदावर लिहू नये. आणि आवाज गेला त्या दिवशी मुनिमाला उठवून दुसऱ्याला बसवण्यापूर्वी त्याला अर्धा तास आणि एक बोलणारे यंत्र द्यावे.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे नेत्रहीन सहाबी होते. मदिनेत ते अजान देत. पहाट झाली हे त्यांना दिसत नसे, लोक सांगत, आणि मग ते अजानला उभे राहत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मदिनेबाहेर जाताना अनेकदा शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली होती. पहाट सांगणारा कोणीतरी होता, म्हणून त्यांचे काम अडले नाही, आणि पहाट दिसत नाही म्हणून त्यांचे काम कोणी काढूनही घेतले नाही.

मुनिमाला पहाट सांगणारा म्हणजे त्याचे यंत्र. ते एखाद्या सकाळी गप्प झाले तर शेजारचे यंत्र सांगेल, एवढी तजवीज आपण करू शकतो. एक केबल, एक प्रोग्राम आणि एका दुपारचे काम. येत्या २० तारखेची वाट न पाहता ते या आठवड्यातच करावे. इन्शाअल्लाह, वीज गेली तरी हिशेब थांबणार नाही.